पिनबॉल : पाहिला सर्वांनी, खेळला थोड्यांनी

प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचा वारसा सांगणाऱ्या आपल्या बडोद्यात खेळ म्हटला की मल्लखांब आणि कुस्ती आठवावी हे साहजिकच आहे. पडद्यावरच्या चेंडूला खेळ म्हणावे की नाही, याविषयी वडीलधाऱ्यांचे मतही आपणांस ठाऊक आहे. तरीही 'स्पेस कॅडेट' या संगणकीय पिनबॉलची बाजू येथे मांडावीशी वाटते.

विंडोज एक्सपी असलेल्या संगणकावर हा खेळ आयताच मिळे. झेड आणि स्लॅश या कळांनी दोन फ्लिपर हलवायचे, स्पेस बारने चेंडू सोडायचा; तीन चेंडू संपले की डाव संपला. बहुतेकांचा खेळ एवढाच. उजवीकडच्या चौकटीत इंग्रजी सूचना येत, पण आम्हा मराठी माध्यमाच्या मुलांचे डोळे चेंडूवर खिळलेले. 'अवेटिंग डिप्लॉयमेंट' म्हणजे काय, हे विचारायला सवड कोणाला?

खरा खेळ मात्र त्या चौकटीतच आहे. आधी ठराविक लक्ष्यांवर चेंडू मारून एखादी मोहीम निवडायची, मग चेंडू लाँच रॅम्पवर चढवून ती स्वीकारायची. सुरुवातीच्या मोहिमा सोप्या : बंपरला आठ वेळा धडक द्या, किंवा रॅम्प तीनदा चढा. मोहिमा पार पडत गेल्या की दिव्यांचे वर्तुळ भरते आणि हुद्दा वाढतो. कॅडेटपासून फ्लीट ॲडमिरलपर्यंत असे नऊ हुद्दे आहेत. त्यातच इंधनाचे दिवे एकेक करून विझत असतात. ते संपले की मोहीम रद्द! आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे चटकन उमजावे. नफा कितीही दिसो, खेळते भांडवल आटले की धंदा बसतो.

पिनबॉल नशिबाचा की कौशल्याचा, हा वाद जुना आहे. फ्लिपर आले ते १९४७ मध्ये. त्याआधी चेंडू सोडल्यावर यंत्राला धक्के देण्यापलीकडे खेळाडूच्या हाती फारसे काही नसे. १९४२ मध्ये न्यूयॉर्क शहराने जुगार म्हणून पिनबॉलवर बंदी घातली. १९७६ मध्ये रॉजर शार्प यांनी चेंडू कोठून जाईल हे आधी सांगून नगर परिषदेपुढे तसा मारून दाखविला, आणि बंदी उठली. आधी बोलायचे, मग करून दाखवायचे! 'स्पेस कॅडेट'मधील मोहीम म्हणजे दुसरे काय?

हा खेळ मुळात सिनेमाट्रॉनिक्स या कंपनीचा. १९९५ च्या 'फुल टिल्ट! पिनबॉल'मध्ये अशी तीन टेबले होती. त्यांपैकी एकच विंडोजबरोबर आले आणि बाकीची दोन आपल्यापैकी बहुतेकांना माहीतही नाहीत. २००७ च्या विंडोज व्हिस्टामधून तेही वगळले गेले. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये कारण सांगितले : चौसष्ट बिटांच्या प्रणालीवर चेंडू वस्तूंना न आदळता त्यांच्या आरपार जाऊ लागला. प्रोग्राम बाहेरच्या कंपनीने लिहिलेला, त्यात स्पष्टीकरणाच्या टिपा जवळजवळ नव्हत्या. त्यामुळे दोष कोठे आहे हे सापडेना. रोजकीर्दीत नोंदीखाली स्पष्टीकरण का लिहायचे, असे कंटाळून विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ज्याने नोंद केली तो निघून गेला, की वही मुकी होते.

पुढे एका प्रोग्रामरने मूळ कोड हाती नसताना तयार प्रोग्राम उलगडत उलगडत तो पुन्हा लिहून काढला, म्हणून आजच्या संगणकांवरही तो चालू शकतो. जे फुकट मिळते त्याची किंमत आपण शून्य धरतो, जपणूकही तेवढीच करतो. वाचकहो, कधी हा खेळ हाती आला तर गुणसंख्येकडे काही वेळ दुर्लक्ष करा. उजवीकडची चौकट वाचा, एक मोहीम निवडा आणि चेंडू रॅम्पवर चढवा. निदान कॅडेटचा पुढचा हुद्दा तरी मिळवून पाहा!