ट्राम गेली, वीज राहिली

मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. काही रस्त्यांवर तिचे रूळ न उपसता वरून डांबर ओतलं गेलं. फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीत भोवतालची जमीन खणली, तेव्हा ते पुन्हा उघडे पडले. डांबराखाली हवा आणि पाणी कमी पोचतं, म्हणून गंजही सावकाश चढतो.

हे रूळ आगगाडीच्या रुळांसारखे नसतात. आगगाडीचा रूळ जमिनीच्या वर उभा असतो; ट्रामचा मात्र रस्त्याच्या पातळीत गाडलेला, म्हणजे व्हिक्टोरिया घोडागाड्या आणि हातगाड्या त्यावरून सहज जाव्यात. चाकाची बाहेर आलेली कड जायला जागा हवी, म्हणून रुळाच्या माथ्यावर लांबलचक खाच असते. ट्रामचा रूळ ओळखायची खूण हीच.

1874 साली कुलाबा-पायधुणी मार्गावर ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. खडबडीत रस्त्यापेक्षा रुळावर चाक फिरवायला फार कमी जोर लागतो, त्यामुळे माणसांनी भरलेला डबा घोड्यांना ओढता येई. 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम धावली आणि रुळांचं काम दुप्पट झालं. टपावरच्या दांड्याने डोक्यावरच्या तारेतून घेतलेली वीज मोटरमधून, चाकांमधून रुळांत उतरे आणि तिथून वीजघराकडे परते. गाडी ज्यावर धावे, तोच लोखंडी पट्टा विजेच्या मंडलाचा अर्धा भाग होता! अशा रुळांचे सांधे म्हणूनच तांब्याने जोडावे लागतात. जोड सैल असला तर वीज मातीत पसरते, जवळच्या पाण्याच्या नळात शिरते, आणि नळातून ती बाहेर पडते तिथलं लोखंड झिजतं. विजेची ट्राम चालवणाऱ्या अनेक शहरांच्या अभियंत्यांना या झिजेने छळलं आहे.

मला ट्रामचा सर्वात मोठा अवशेष वाटतो तो रस्त्याखालचा नव्हे, घराघरातला. ट्रामला वीज हवी, म्हणून 1905 साली स्थापन झालेल्या कंपनीने वाडीबंदरला वीजघर उभारलं, आणि तीच कंपनी शहरालाही वीज विकू लागली. 1947मध्ये महापालिकेने तिचा कारभार हाती घेतला; तीच आजची बेस्ट. आजही कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या घरांत वीज पुरवते ती बेस्टच, बसगाड्या चालवणारी. दादर टी. टी.ला, म्हणजे ट्राम टर्मिनसला, उतरणाऱ्या किती जणांना ट्रामचा आणि आपल्या वीजबिलाचा हा संबंध ठाऊक असेल?

मुंबईचे रस्ते सतत खणले जातात. पुढच्या खोदकामात रूळ सापडले, तर ते सगळे भंगारात जाऊ नयेत. निदान हातभर तुकडा, खाच दिसेल असा, ‘आणिक’ बस आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात पोचावा. आणि जिथे सापडला तिथे रस्त्याकडेला एक पाटी लावावी.