विजयदुर्गच्या खाडीचं पाणी तपासायचं, तर बाटली नेमकी कुठं बुडवायची?

विजयदुर्ग म्हटलं की किल्ला आठवतो, समुद्राखालची भिंत आठवते. पण ज्या खाडीच्या भरवशावर मराठ्यांचं आरमार इथं उभं राहिलं, त्या खाडीत पाणी कुठून येतं?

ते येतं वाघोटन नदीतून. वैभववाडीच्या वर, गगनबावड्याच्या कड्यांवरून उतरणारे ओढे एकत्र येतात. खारेपाटणला लोक तिला शुक किंवा सुख नदी म्हणतात आणि पुढं तीच वाघोटन होते. उत्तरेला राजापूर तालुका, दक्षिणेला देवगड. म्हणजे काठ दोन जिल्ह्यांचे, पाणी एकच.

घाटमाथा ते समुद्र हे अंतर सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. एवढं पाणी इतक्या कमी अंतरात खाली येतं, म्हणून खारेपाटणच्या बाजारपेठेत पूर शिरतो. आणि तरीही एप्रिलमध्ये सड्यावरच्या विहिरी तळ गाठतात. कारण कातळ. जांभ्याच्या उघड्या सड्यावर माती जेमतेम असते. पाऊस बराचसा वरूनच वाहून जातो आणि मुरलेलं पाणीही कडेच्या झऱ्यांतून लवकर निघून जातं.

आता जमिनीवर काय आहे ते बघू. वरच्या भागात जंगल, मळ्यांत भात. खाली देवगडच्या बाजूला कातळ फोडून लावलेल्या हापूसच्या बागा, मध्येमध्ये चिरेखाणी, आणि खाडीकाठी कांदळवन. यातली प्रत्येक गोष्ट पाण्यात काहीतरी सोडते किंवा थांबवते. चिरेखाणीची लाल माती पाण्याबरोबर खाली जाते, कांदळवन गाळ अडवतं. हापूसला मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारण्या होतात, त्या हिवाळ्यात. तेव्हा ओढे जवळजवळ आटलेले असतात. त्यामुळं औषधाचा जो अंश मातीत उरतो, तो जूनच्या पहिल्या सरींबरोबर खाली येण्याची शक्यता जास्त. मे महिन्यात नमुना घेतला तर हे दिसणारच नाही. तारीख चुकली की तपासणी फुकट.

दुसरी अडचण भरतीची. पूर्वी गलबतं भरतीच्या पाण्यावर थेट खारेपाटणपर्यंत जायची. त्यामुळं खाडीतल्या एकाच ठिकाणी सकाळी समुद्राचं पाणी असतं आणि दुपारी गावाकडून आलेलं. भरतीला घेतलेला नमुना स्वच्छ निघाला तर त्यात नदीचं कौतुक काही नाही. उधाण होतं की भांग, भरती की ओहोटी, हे बाटलीवर लिहायलाच हवं. पावसाळ्यात आणखी गंमत म्हणजे गोडं पाणी हलकं असल्यानं वरून वाहतं आणि खारं खालून शिरतं. वरचं आणि तळाचं असे दोन नमुने नसतील तर अर्धीच खाडी मोजली जाते.

मग जागा कोणत्या? एक घाटाच्या पायथ्याशी, वस्तीच्या वर. दोन खारेपाटणला, बाजारपेठेच्या वर आणि खाली, म्हणजे गावानं काय घातलं ते कळतं. एक वाघोटनजवळ, जिथं गोडं-खारं मिसळतं. आणि शेवटची विजयदुर्गच्या मुखाशी. यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची. मूळ पाणी कसं होतं हेच माहीत नसेल तर बाकीच्यांची तुलना कशाशी करायची?

विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच पक्का करावा लागतो. जंतूंसाठीची बाटली बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय निकष असा: लिटरमागं ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम, आणि मैलाजन्य कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरमागं २५०० पेक्षा कमी.

पण हा निकष आंघोळीचा. कालवं आणि तिसऱ्या पाणी गाळून खातात, त्यामुळं पाण्यात थोडे असलेले जंतू त्यांच्या अंगात कितीतरी पटीनं साठतात. म्हणून आणखी एक जागा हवी: ओहोटीला बायका कोयता घेऊन जिथं कालवं काढायला उतरतात, ती. तिथं पाण्याच्या बाटलीसोबत मूठभर कालवंही न्यायची.