परसबागेतील आश्विन

हस्ताच्या सरी ओसरल्या, की परसबागेतील खरे काम सुरू होते. घाई मात्र नडते. काळी माती वाफशावर येण्यापूर्वीच खणल्यास ढेकळे होतात व पहिली पेरणी वाया जाते. कुजलेले शेणखत घातलेल्या गादीवाफ्यात मेथी, पालक व कोथिंबीर पेरावी. धने आधी रगडून त्यांचे दोन भाग करावेत. मेथी साधारण महिन्याभरात काढणीस येते. आठ-आठ दिवसांनी थोडी थोडी पेरल्यास घरात भाजी खंडत नाही. वांगी-टोमॅटोची 4 ते 5 आठवड्यांची रोपे सायंकाळीच लावावीत. ऑक्टोबरचे ऊन त्यांना सोसत नाही. दसऱ्यासाठी झेंडू खुडताना गावठी वाणाची दोन-चार टपोरी फुले बियाण्याकरिता झाडावरच राखावीत. शाळेच्या बागेत ती राखणे कठीण, हे शिक्षकांना सांगावयास नको.