विद्युत बेंजोतील पिकअप व टोन नियंत्रण : एक शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यातील लग्नाच्या वरातीत अथवा गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो हा पाश्चात्त्य बेंजो नव्हे. कळांनी तारा दाबून वाजविले जाणारे हे वाद्य बुलबुलतरंगाच्या कुळातील असून त्याचे मूळ नागोया येथील गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तयार केलेल्या ताइशोगोतो या जपानी वाद्यात आहे. रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ (२०१६) या हिंदी चित्रपटामुळे बेंजोवादकाचे जगणे पडद्यावर आले. वाद्याच्या अंतर्भागातील विद्युतरचना मात्र अभ्यासकांच्या नजरेपासून दूरच राहिली. आवाज कर्कश झाला की पिकअप बदलण्याकडे वादकांचा कल असतो. हा खर्च पुष्कळदा अनाठायी ठरतो, असे प्रस्तुत विवेचनातून दिसून येईल.

पिकअपचे कार्य :
चुंबकीय पिकअप फॅरडे यांनी १८३१ मध्ये मांडलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर चालतो. चुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. पिकअप तारांच्या फार जवळ असल्यास चुंबकाच्या ओढीने तारेचे कंपन बिघडते व स्वर बेसूर भासतो. यावरील उपाय एका स्क्रू-ड्रायव्हरचा आहे!

वेटोळ्याचे प्रवर्तकत्व आणि केबलची धारिता यांच्या संयोगाने साधारणतः २ ते ५ किलोहर्ट्झच्या दरम्यान एक अनुनाद-शिखर तयार होते. कानाला टोचणारा आवाज बहुतांशी येथेच असतो. हे शिखर किती उंच राहील, हे व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरवर अवलंबून असते. गिटारमध्ये एकेरी वेटोळ्यास २५० व दुहेरी वेटोळ्यास ५०० किलोओहम मूल्य वापरण्याचा प्रघात आहे. मूल्य कमी केल्यास शिखर दबते व आवाज मृदू होतो. तथापि दुरुस्तीच्या वेळी हाताशी आहे म्हणून १० किलोओहमचा भाग बसविला तर आवाज मलूल व क्षीण होतो आणि दोष विनाकारण पिकअपच्या माथी येतो.

टोन नियंत्रणात धारित्र व बदलता रोध एकापुढे एक जोडून संकेताचा उच्च वारंवारतेचा अंश भूमीकडे वळविला जातो. ०.०४७ मायक्रोफॅरडऐवजी ०.०२२ मायक्रोफॅरडचे धारित्र लावल्यास बटण पूर्ण उतरवूनही आवाज तितका बोजड होत नाही. काही रुपयांच्या या बदलाने वाद्याचा स्वभाव पालटतो.

वाद्याच्या लाकडाला चिकटविलेल्या पिझो चकतीस मात्र हे गणित लागू नाही. तिला सुमारे १ मेगओहम किंवा त्याहून अधिक निविष्ट-रोधाचे पूर्वप्रवर्धक लागते. ती थेट मिक्सरला जोडल्यास खर्ज नाहीसा होऊन आवाज पातळ व किरकिरा येतो.

गुणगुण आणि सुरक्षितता :
एकेरी वेटोळे वीजवाहिन्यांतील ५० हर्ट्झची गुणगुणही टिपते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर दुहेरी वेटोळ्याची रचना केली. त्यात वेढ्यांची व चुंबकांची दिशा परस्परविरुद्ध असल्याने गुणगुण रद्द होते, तारेचा संकेत मात्र दुणावतो. पिकअप बदलण्याचे खरे प्रयोजन येथे आहे. त्याआधी वाद्याच्या पोकळीस आतून तांब्याचा पत्रा लावून तो भूमीस जोडून पाहावा.

गुणगुण घालविण्यासाठी प्रवर्धकाच्या प्लगमधील अर्थिंगची पिनच काढून टाकणे, हा प्रकार मात्र जीवघेणा आहे. तारा सामान्यतः घोडीमार्फत भूमीस जोडलेल्या असतात. त्यामुळे प्रवर्धकात बिघाड झाल्यास वीजप्रवाह थेट वादकाच्या बोटांपर्यंत पोहोचू शकतो. मिरवणुकीच्या वाहनावर पुरवठा जनित्राचा असतो, ही बाब अधिक गंभीर आहे. जनित्राचे न्यूट्रल त्याच्या सांगाड्याशी वा अर्थिंगशी जोडलेले नसल्यास आरसीसीबी बसवूनही ते अपेक्षेप्रमाणे कार्य करीलच असे नाही. म्हणून ही जोडणी मिरवणूक निघण्यापूर्वी जाणकार वीजतंत्रज्ञाकडून तपासून घेणे आवश्यक ठरते.