तीळभर घटक आणि पेढीचा हिशेब

महिन्याची १७ तारीख होती. सांगलीच्या बाजारपेठेत हळदीचा व्यापार करणारा माझा पुतण्या सकाळीच लॅपटॉप काखोटीला मारून घरी आला. "काका, काल रात्रीपासून हा बंद आहे. दुरुस्तीवाले म्हणतात, अख्खा मदरबोर्ड बदलावा लागेल. २० तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरायचे आहे, आणि सगळे हिशेब यातच आहेत."

बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर सोल्डरिंगचा छंद मी जोपासला आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे या विद्येत मी विद्यार्थीच. तरीही त्या चार दिवसांत जे शिकलो, ते व्यापारी कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

पहिले काम यंत्र वाचविण्याचे नव्हते. हिशेब वाचविण्याचे होते. आपली माहिती डिस्कवर असते आणि अनेक लॅपटॉपमध्ये ती काही स्क्रू काढून वेगळी करता येते. ती डिस्क बाहेरच्या केसमध्ये बसवून दुसऱ्या संगणकाला जोडली, तेव्हा सर्व खाती जशीच्या तशी दिसली. विवरणपत्र १८ तारखेलाच भरले गेले. विंडोजच्या नव्या यंत्रांत डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते. त्याची रिकव्हरी की आजच कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी.

मग मदरबोर्ड हाती घेतला. सर्वप्रथम बॅटरीची जोडणी काढली. चार्जर लावताच त्याच्यावरील दिवा विझत असे आणि काढल्यावर पुन्हा लागत असे. याचा अर्थ, चार्जरमधून येणारी १९ व्होल्टची वाट कोठेतरी थेट अर्थिंगशी, म्हणजे ग्राउंडशी, जोडली गेली होती. मल्टिमीटरने त्या वाटेचा ग्राउंडशी रोध मोजला. निरोगी बोर्डावर तो हजारो ओहम तरी असावा. येथे अर्धा ओहमही नव्हता. मात्र मीटर वाजला म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोष आहे असे नाही. प्रोसेसरला वीज देणाऱ्या वाटेचा रोध मुळातच अत्यल्प असतो.

अशा वाटेवर तिळाएवढे सिरॅमिक कपॅसिटर एकमेकांना समांतर जोडलेले असतात. यंत्र पडल्याने, बोर्ड वाकल्याने किंवा उष्णतेने एखाद्याला तडा गेला, तर त्यातील सूक्ष्म थर एकमेकांना टेकतात आणि संपूर्ण वाट ठप्प होते. दोषी कोण, हे मीटर सांगत नाही. सर्व समांतर असल्याने प्रत्येकावर सारखाच आकडा दिसतो.

येथे माझी चूक झाली. एक कपॅसिटर किंचित काळवंडलेला वाटला, म्हणून संशयावरून तोच काढला. दोष कायम राहिला. काळेपणा जुन्या फ्लक्सचा होता. ताळेबंद जुळत नसताना अंदाजाने नोंद खोडणाऱ्या कारकुनाला मी एकेकाळी रागे भरलो होतो, त्याची आठवण झाली. निर्दोष घटक निमूटपणे जागी बसविला.

दुसऱ्या दिवशी रीतसर तपास केला. विद्युतप्रवाहाची मर्यादा ठरविता येणाऱ्या पॉवर सप्लायवर केवळ १ व्होल्ट आणि आरंभी १ अँपिअर ठेवून त्या वाटेला वीज दिली. व्होल्टेज इतके कमी ठेवले की निरोगी घटकांना धोका राहत नाही. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर दिला. सर्व वीज दोषी घटकातूनच वाहते, तो तापतो आणि त्याच्यावरील अल्कोहोल सर्वांत आधी उडते. काही क्षणांतच चार्जरच्या जोडणीजवळचा एक कपॅसिटर कोरडा पडला. बाहेरून तो अगदी नितळ दिसत होता!

अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने बोर्ड पूर्ण सुकल्यावरच सोल्डरिंग आयर्न तापविले. फ्लक्स लावून घटक काढला. ग्राउंडकडील बाजूस तांब्याचा मोठा पत्रा उष्णता ओढून घेतो, तेथे घाई केल्यास बोर्डावरील पॅड उखडतो. काढल्यावर पुन्हा मोजले. रोध पूर्ववत झाला होता. तेवढ्याच क्षमतेचा आणि २५ व्होल्ट मर्यादेचा नवा कपॅसिटर बसविला. सिरॅमिक कपॅसिटरला उलट-सुलट बाजू नसते. मर्यादा मूळ घटकापेक्षा अधिक चालते, कमी मुळीच नाही.

चार्जर लावला. दिवा लागलेलाच राहिला. पुतण्याने बटण दाबले, पडदा उजळला, आणि त्याने प्रथम आपली खातेवही उघडून शेवटची नोंद पाहिली.

प्रत्येक दोष घरी सुटत नाही, हेही सांगितले पाहिजे. फुगलेल्या बॅटरीला आणि चार्जरच्या आतील भागाला हात लावू नये. चार्जर काढल्यावरही त्यात घातक वीज साठून राहू शकते. प्रोसेसर वा मोठ्या चिपचे काम जाणकारावरच सोपवावे. प्रथमच करणाऱ्याने भंगारातील बोर्डावर हात बसवावा. पण 'बोर्ड बदला' हे उत्तर स्वीकारण्यापूर्वी घटकनिहाय दुरुस्ती करणाऱ्या एखाद्या कारागिराला अवश्य दाखवावे.

पुतण्या आता दर शनिवारी पेढी बंद करताना हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतो. मला या दुरुस्तीपेक्षा त्याचेच समाधान अधिक आहे.