निवांत युरोप : दोघांसाठी तीन शहरे

युरोपची सहल म्हटली की दहा दिवसांत सात-आठ देश, पहाटे पाचची न्याहारी, दिवसभराचा बसप्रवास आणि प्रत्येक स्मारकासमोर घाईने काढलेले छायाचित्र असे चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते. अशा सहलींचे स्वतःचे मोल आहेच. मर्यादित काळात खूप काही पाहिल्याचे समाधान त्या देतात. परंतु नोकरी, घरकर्ज, मुलांची शिक्षणे आणि वडीलधाऱ्यांची आजारपणे यांत पंचवीस-तीस वर्षे एकमेकांसोबत असूनही एकमेकांसाठी फारसा वेळ न मिळालेल्या पती-पत्नींना बहुधा वेगळेच काही हवे असते. ठिकाणांच्या संख्येपेक्षा दिवसांची संथ लय त्यांना अधिक मोलाची वाटते. अशा दांपत्यांसाठी मध्य युरोपातील प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही तीन शहरे आदर्श म्हणावी लागतील.

प्राग ते व्हिएन्ना हा रेल्वेप्रवास सुमारे चार तासांचा आणि व्हिएन्ना ते बुडापेस्ट हा पावणेतीन तासांच्या आसपासचा आहे. प्रत्येक शहरात चार रात्री मुक्काम केला, तर बारा रात्रींत सामान केवळ दोनदा आवरावे लागते. गाडी शहराच्या मध्यवर्ती भागातून सुटते व तशाच भागात पोहोचते. त्यामुळे विमानतळावर दोन-तीन तास आधी पोहोचण्याचा व्याप टळतो. जाताना प्रागला उतरावे आणि परतीचे विमान बुडापेस्टहून धरावे, म्हणजे आल्या वाटेने मागे फिरावे लागत नाही.

प्राग : पहाटेचा पूल

व्लतावा नदीवरील चार्ल्स पुलाचा पाया सन १३५७ मध्ये घातला गेला. सुमारे अर्धा किलोमीटर लांबीच्या या दगडी पुलावर दुतर्फा तीस शिल्पसमूह उभे आहेत. दुपारी येथे पाय ठेवायला जागा नसते. मात्र सूर्योदयाच्या सुमारास नदीवरील धुके, मनोरे आणि मोजके पादचारी एवढेच सोबतीला असतात. निवांत सहलीचा खरा लाभ हाच, की गर्दीची वेळ टाळण्याचे स्वातंत्र्य आपल्या हाती राहते.

प्रागचा किल्ला टेकडीवर आहे. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी २२ क्रमांकाच्या ट्रामने वर जावे आणि सावकाश उतरत खाली यावे. किल्ल्यातील सेंट व्हायटस कॅथेड्रलचे बांधकाम सन १३४४ मध्ये सुरू झाले आणि ते १९२९ मध्ये पूर्णत्वास गेले. जुन्या चौकातील खगोलीय घड्याळ १४१० सालचे आहे. तासाच्या ठोक्याला त्यातील मूर्तींची मिरवणूक पाहण्यासाठी लोक ताटकळत उभे राहतात. रस्ते मात्र दगडी फरशांचे व उंचसखल असल्याने नवे कोरे बूट टाळून पायांना सरावलेले बूट वापरणेच श्रेयस्कर.

व्हिएन्ना : एका कॉफीचा दीर्घ अवकाश

सम्राट फ्रान्झ जोसेफ याने १८५७ मध्ये शहराभोवतीची तटबंदी पाडण्याचा आदेश दिला आणि तिच्या जागी रिंगस्ट्रासे हा भव्य वर्तुळाकार मार्ग साकारला. संसदभवन, नगरभवन, विद्यापीठ, संगीतिकागृह आणि संग्रहालये या मार्गालगतच असून बरेचसे वैभव ट्रामच्या खिडकीतून पाहता येते.

व्हिएन्नाचे कॉफीगृह ही एक संस्थाच आहे. चांदीच्या तबकात कॉफी येते, सोबत पाण्याचा पेला येतो आणि एका पेल्यावर तासन्‌तास बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्यास कोणीही उठवीत नाही. शहराला आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी १८७३ पासून नळावाटे मिळते. त्यामुळे बाटलीबंद पाण्यावर खर्च करण्याचे कारण उरत नाही. शोनब्रुन राजवाड्यात १,४४१ दालने आहेत. सहा वर्षांच्या मोझार्टने १७६२ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्यासमोर याच राजवाड्यात वादन केले होते. दालने पाहण्यास तिकीट लागते. उद्यानात मात्र विनामूल्य फिरता येते. १८६९ मध्ये सुरू झालेल्या राजकीय संगीतिकागृहात उभे राहून ऐकण्याची तिकिटे बसण्याच्या तिकिटांच्या मानाने अत्यल्प दरात मिळतात.

दोघांच्या आवडी भिन्न असतील, तर त्याही येथे सुखेनैव नांदू शकतात. एकाने कलासंग्रहालयात ब्रॉयगेलची चित्रे पाहावीत, दुसऱ्याने समोरच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात रमावे आणि सायंकाळी मधल्या चौकातील बाकावर भेटावे. चोवीस तास हातात हात घालून फिरणे हे सहजीवनाचे एकमेव लक्षण नव्हे. दिवसभराचे सांगण्यासारखे काही प्रत्येकाजवळ असणे हेही तितकेच आनंददायी असते.

बुडापेस्ट : डॅन्यूबचे दोन काठ

बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही तीन नगरे १८७३ मध्ये एकत्र येऊन आजचे शहर घडले. बुडा व पेस्ट यांना जोडणारा साखळी पूल त्याआधीच, १८४९ मध्ये, खुला झाला होता. १८९६ मध्ये सुरू झालेली येथील भुयारी रेल्वे युरोपच्या मुख्य भूमीवरील पहिली होय. तिची जुनी, टुमदार स्थानके आजही वापरात आहेत. पेस्टच्या काठाने धावणाऱ्या २ क्रमांकाच्या ट्राममधून सायंकाळी संसदभवन, पूल आणि पलीकडचा राजवाडा उजळताना दिसतो. साध्या तिकिटात घडणारी ही सैर महागड्या नौकाविहाराच्या तोडीची आहे.

शहराखाली उष्ण पाण्याचे झरे आहेत. १९१३ मध्ये सुरू झालेल्या सेचेनी स्नानगृहाच्या उघड्या कुंडांत वाफाळत्या पाण्यात बसून बुद्धिबळ खेळणारे ज्येष्ठ नागरिक दिसतात. दहा दिवसांच्या चालण्याने थकलेल्या पायांना यासारखा उतारा नाही. मात्र हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला अगोदरच घ्यावा. भारतीय पाहुण्यांना या शहराशी जोडणारा एक धागाही आहे : थोर चित्रकर्त्री अमृता शेरगिल यांचा जन्म १९१३ मध्ये बुडापेस्ट येथेच झाला. बाजारात टांगलेल्या लाल पाप्रिकाच्या माळा पाहून मराठी गृहिणीला आपल्या मिरचीची आठवण न आली तरच नवल!

पूर्वतयारी : कागदपत्रे आणि पैसा

हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करावयाचा असतो. मुक्काम समसमान असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. वरील आखणीत तो देश चेक प्रजासत्ताक ठरतो. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत, परंतु किमान पंधरा दिवस आधी करावा. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा अनिवार्य आहे. विमा घेताना आधीपासूनचे आजार लपवू नयेत. परदेशातील रुग्णालयाचे एक देयक आयुष्यभराच्या बचतीला धक्का देऊ शकते. प्रवेशाच्या वेळी बोटांचे ठसे व छायाचित्र नोंदविणारी नवी पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे. त्यासाठी थोडा अधिक वेळ हाती ठेवावा.

व्हिसा एक असला, तरी चलने तीन आहेत : ऑस्ट्रियात युरो, चेक प्रजासत्ताकात कोरुना आणि हंगेरीत फोरिंट. युरो भरलेले प्रवासी कार्ड व्हिएन्नात सोयीचे. अन्य दोन ठिकाणी त्यावर चलन-परिवर्तनाचे शुल्क पडू शकते. ते किती, हे शाखेत आधीच विचारावे. दुकानातील यंत्राने ‘रुपयांत रक्कम आकारू का?’ असे विचारल्यास नम्रपणे नकार देऊन स्थानिक चलनच निवडावे. रुपयांचा तो दर बहुधा आपल्या तोट्याचा असतो. दोघांनी दोन स्वतंत्र कार्डे दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावीत, म्हणजे एक हरवल्यास अडचण होत नाही. उदारीकृत प्रेषण योजनेनुसार प्रत्येक निवासी भारतीयास एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता वा खर्चता येते. उगमस्थानी गोळा होणारा कर हा अंतिम खर्च नसून प्राप्तिकर विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. त्याचे प्रमाणपत्र जपून ठेवावे.

या खर्चासाठी कर्ज काढण्यापेक्षा दोन-तीन वर्षे आधी आवर्ती ठेव सुरू करणे केव्हाही उत्तम. दरमहा हप्ता भरताना नकाशे पाहणे, पुस्तके वाचणे आणि कोणते शहर आधी यावर गोड वाद घालणे, हीसुद्धा सहलच असते. ठेव परिपक्व होते तेव्हा पैशाबरोबर दोघांची उत्सुकताही परिपक्व झालेली असते. आणि मुलांच्या शुल्काच्या, घराच्या हप्त्याच्या तारखा पाळण्यात ज्यांचा संसार पार पडला, त्यांना एक तरी तारीख स्वतःसाठी राखून ठेवण्याचा पूर्ण अधिकार आहे.