रोटवाइनकूखन: जर्मन घरातला लाल वाइनचा केक

रोटवाइनकूखन आतून लाल नसतो. सुरी फिरली की दिसतो गडद तपकिरी, बारीक जाळीचा, ओलसर केक. मध्येमध्ये चॉकलेटचे काळे ठिपके असतात आणि वर गुलाबी साखरेचा पातळ थर. आधी दालचिनीचा वास येतो, मग कोकोचा. वाइन सर्वांत मागून येते. घास संपत आला की जिभेवर किंचित आंबट-तुरट चव रेंगाळते, ती तिची. रोटवाइन म्हणजे लाल वाइन आणि कूखन म्हणजे केक. ब्लॅक फॉरेस्ट केकसारखी जगभरची कीर्ती याच्या वाट्याला आलेली नाही. याचं नातं पेस्ट्रीच्या दुकानापेक्षा घरच्या ओव्हनशी अधिक. वाढदिवस असो, रविवारी दुपारची कॉफी असो, नाहीतर शाळेच्या मेळ्यातलं केकचं टेबल असो, तिथे तो असतो, आणि त्याची कृती आजीच्या वहीतून नातीच्या वहीत उतरत राहते.

या केकचा जनक म्हणून कोणाचं नाव घेतलं जात नाही. त्यातल्या जिनसांना मात्र तारखा आहेत. त्या ओळीने मांडल्या की एका साध्या केकमधून जर्मन स्वयंपाकघराचा दीडदोनशे वर्षांचा इतिहास समोर येतो.

समान वजनाचं गणित

कृती लक्षात ठेवायला सोपी आहे. २५० ग्रॅम बटर, २५० ग्रॅम साखर, २५० ग्रॅम मैदा आणि चार अंडी. चार मध्यम अंड्यांचं वजनही जवळपास तेवढंच भरतं. जुन्या जर्मन घरांत अंडी तराजूत घालून त्यांच्या वजनाइतकं बटर, साखर आणि पीठ घेण्याची पद्धत होती. आपला केक त्याच कुळातला. या पायावर १२५ मिलिलिटर लाल वाइन, एक-दोन मोठे चमचे कोको, चमचाभर दालचिनी, व्हॅनिला साखर, बेकिंग पावडर आणि १०० ते १५० ग्रॅम किसलेलं चॉकलेट पडतं. कोणी लवंगेची पूड घालतं, कोणी बदामाची.

वाइन घालून गोड पदार्थ करण्याची रीत याहून जुनी. राय या धान्याच्या शिळ्या पावाचा चुरा लाल वाइनमध्ये भिजवून, त्यात बदाम आणि मसाले घालून केलेला पावाचा केक जर्मन आणि ऑस्ट्रियन घरांत होत असे. शिळा पाव आणि बाटलीत उरलेली वाइन दोन्ही सत्कारणी लागत. तीच काटकसर रोटवाइनकूखनच्याही मुळाशी आहे. आदल्या रात्री उघडलेल्या बाटलीत पेलाभर वाइन उरली, तर तिचा केक करावा.

जिनसांच्या तारखा

साखरेपासून सुरुवात करू. १७४७ मध्ये बर्लिनमध्ये आंद्रेआस मार्कग्राफ यांनी बीटमध्येही उसासारखीच साखर असते हे दाखवून दिलं. त्यांचे शिष्य फ्रान्झ कार्ल आखार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सायलेशियातल्या कुनर्न इथे बीटपासून साखर काढणारा पहिला कारखाना उभारला. पुढच्या काही दशकांत समुद्रापारची महाग साखर घरच्या शेतात पिकू लागली आणि पाव किलो साखरेचा केक साध्या घराच्या आवाक्यात आला.

कोकोच्या भुकटीची तारीख १८२८. ॲम्स्टरडॅमच्या व्हान हाउटन यांनी कोकोच्या बियांमधली चरबी दाबून काढण्याच्या पद्धतीचं पेटंट त्या वर्षी घेतलं. व्हॅनिलाची तारीख १८७४. विल्हेल्म हारमान आणि फर्डिनांड टीमान यांनी सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या एका घटकापासून व्हॅनिलिन तयार केलं आणि होल्त्समिंडन गावात त्याचा कारखाना निघाला. आज जर्मन दुकानात व्हॅनिलिन साखरेचं आठ ग्रॅमचं छोटं पाकीट मिळतं, त्याची गोष्ट तिथून सुरू होते.

सर्वांत महत्त्वाचं पाकीट बेकिंग पावडरचं. थोर रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांना यीस्टशिवाय पीठ फुगवण्याच्या प्रश्नात रस होता. त्यांचे अमेरिकन शिष्य एबेन हॉर्सफर्ड यांनी फॉस्फेटवर आधारलेली पावडर अमेरिकेत बाजारात आणली. जर्मन घरांत ती पोचवली ती आउगुस्ट ओएटकर या औषधविक्रेत्याने. १८९१ मध्ये त्यांनी बीलेफेल्ड शहरात औषधांचं दुकान घेतलं. ५०० ग्रॅम पिठाला पुरेल एवढी पावडर मोजून छोट्या पाकिटात भरायची, किंमत दहा फेनिग ठेवायची आणि सोबत केकच्या कृती छापून द्यायच्या, ही त्यांची युक्ती. टिकाऊ बेकिंग पावडर बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट त्यांना १९०३ मध्ये मिळालं. हे पाकीट येण्याआधी केक फुगणं यीस्टच्या मर्जीवर किंवा फेटणाऱ्या हाताच्या ताकदीवर अवलंबून होतं. पाकिटाने ती धास्ती संपवली.

इथे द्राक्ष पुन्हा भेटतं. वाइन पिंपात मुरताना तळाला आणि कडांना स्फटिक साचतात. हे टार्टारिक आम्लाचे पोटॅशियम क्षार, म्हणजे आपल्याकडे बेकरीत वापरतात ते क्रीम ऑफ टार्टर. पिंपं खरवडून काढलेले हे स्फटिक शुद्ध करून सोड्यात मिसळले की बेकिंग पावडर तयार होते. आज फॉस्फेटची पावडर अधिक चालते, तरी टार्टरची पावडरही जर्मन दुकानांत सहज मिळते. ती वापरून रोटवाइनकूखन केला, तर एकाच वेलीची दोन रूपं त्यात राबतात. पेल्यातली वाइन चव देते, पिंपातला क्षार उठाव देतो.

फेटण्याचं काम

हा केक फेटण्यावर उभा आहे. बटर मऊ हवं, वितळलेलं नको. साखरेबरोबर ते पांढरट आणि हलकं होईपर्यंत फेटायचं. साखरेचे कण बटरमध्ये हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकवतात, आणि पुढे बेकिंग पावडरमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड हेच बुडबुडे मोठे करतो. नवे बुडबुडे तो निर्माण करत नाही. म्हणून इथे केलेली घाई पावडरने भरून निघत नाही. विजेचं यंत्र येण्याआधी बायका लाकडी चमच्याने अर्धाअर्धा तास हे करत बसायच्या.

अंडी एकेक करून घालायची, नाहीतर मिश्रण फुटतं. मैदा, कोको, दालचिनी आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून थोडं पीठ, थोडी वाइन असं आलटूनपालटून घालायचं. वाइन फ्रीजमधली गार असेल तर बटर आकसतं, म्हणून ती आधी बाहेर काढून ठेवायची. पीठ पडल्यावर मात्र हात आवरता घ्यायचा; जास्त घोटलं तर केक चिवट होतो. चॉकलेटचा कीस शेवटी.

साचा बहुधा गुगेलहुप्फचा, उभ्या खाचांचा आणि मध्ये नळी असलेला. त्या नळीमुळे जड मिश्रणाच्या मधोमध उष्णता पोचते आणि केक आतून कच्चा राहत नाही. साच्याला बटर फासून वर ब्रेडचा कोरडा चुरा भुरभुरवतात, म्हणजे खाचांतूनही केक अखंड सुटतो. १८० अंशांवर सुमारे तासभर भाजायचा आणि लाकडी काडी टोचून पाहायची. काडी कोरडी निघाली की झाला.

रंग आणि मद्य

वाइनचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा. वाइन आम्लधर्मी असते तोवर ती लाल दिसतात. अंडी आणि बेकिंग पावडरच्या सहवासात आम्लता घटते आणि रंग जांभळट-राखाडीकडे झुकतो. कोको नसता तर केक मळकट दिसला असता. वरच्या थरात मात्र फक्त पिठीसाखर आणि वाइन, म्हणून तिथे गुलाबी रंग टिकतो.

मद्याचं काय? ते सगळं उडून जातं हा समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार तासभर शिजलेल्या पदार्थात सुमारे पाव हिस्सा मद्य उरतं. १२५ मिलिलिटर वाइनमध्ये मद्य सुमारे १५ मिलिलिटर; त्यातलं चारेक मिलिलिटर उरलं आणि केकचे सोळा तुकडे केले, तर एका तुकड्यात पाव मिलिलिटर. वरच्या थरातली वाइन मात्र आगीजवळ जातच नाही. म्हणून मुलांसाठी थर चॉकलेटचा करावा, आणि जे मद्य पूर्ण वर्ज्य मानतात त्यांना केक देण्याआधी तसं सांगावं.

कोणती वाइन?

जर्मनी पांढऱ्या वाइनसाठी प्रसिद्ध असली, तरी आर नदीचं खोरं श्पेटबुरगुंडर या आणि व्युर्टेम्बर्ग ट्रोलिंगर या लाल वाइनसाठी ओळखलं जातं. थंड हवेत पिकणाऱ्या तिथल्या द्राक्षांच्या लाल वाइनचा रंग बहुधा फिका असे. ती उणीव भरून काढण्यासाठी वाइन्सबेर्गच्या संस्थेत आउगुस्ट हेरोल्ड यांनी १९५५ मध्ये डॉर्नफेल्डर हे गडद रंगाच्या द्राक्षाचं वाण तयार केलं. केकला फळाच्या चवीची, कमी तुरट आणि गोड नसलेली वाइन मानवते, कारण साखर केकमध्ये आहेच. नाशिकची साधी कोरडी लाल वाइनही चालते. महाराष्ट्रात करताना मीठ नसलेलं बटर घ्यावं, आणि उन्हाळ्यात ते फ्रीजमधून फार आधी काढू नये; आपल्या हवेत ते पाहता पाहता पातळ होतं.

भाजल्या दिवशी हा केक चांगला लागतो, दुसऱ्या दिवशी अधिक चांगला. ओलावा सगळीकडे सारखा पसरतो आणि मसाला, कोको, वाइन एकमेकांत मुरतात. झाकून ठेवला तर तो बरेच दिवस मऊ राहतो. शनिवारी भाजून रविवारी पाहुण्यांपुढे ठेवण्याची सोय यातूनच होते.

मार्कग्राफ, हारमान, ओएटकर, हेरोल्ड यांची नावं पुस्तकांत आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण बीटची साखर, कारखान्यातलं व्हॅनिला, औषधवाल्याचं पाकीट आणि बाटलीतली उरलेली वाइन एका भांड्यात आणण्याचा विचार ज्या बायकांनी केला, त्यांची नावं कुठल्याच पेटंटवर नाहीत. किती वाइन घातली म्हणजे चव येते आणि केक बसत नाही, कोको किती घातला म्हणजे रंग सावरतो, हे त्यांनी करून पाहिलं, चुकलं तिथे बदललं आणि वहीत लिहून ठेवलं. प्रयोगशाळेतल्या शोधाइतकंच ते खरं संशोधन आहे. रोटवाइनकूखनचा इतिहास सांगताना त्यांचा मान पहिला असायला हवा.